जी१३बीबी ब्लॉकवर टर्बो: घ्यावा का, आणि घेतला तर कसा बांधावा

निकाल आधी सांगतो. मारुती सुझुकीचा १.३ लिटरचा जी१३बीबी हा ब्लॉक टर्बोसाठी चांगला पाया आहे. अट एकच, बूस्ट (टर्बो हवेला देतो तो जादा दाब; एक बार म्हणजे जवळपास वातावरणाचा दाब) अर्ध्या बारच्या आसपास ठेवायचा. मूळच्या पिस्टनांवर त्याच्या पुढे जायचं असेल तर हा ब्लॉक घेऊ नका, आणि फोर्ज्ड (ओतलेल्या नव्हे, दाबून घडवलेल्या) पिस्टनांसाठी पैसे बाजूला ठेवले नसतील तर ०.७ बारचं नावही काढू नका. ब्लॉक तुटत नाही, क्रँक तुटत नाही. तुटते ती पिस्टनवरची दोन रिंगांमधली पातळ कडा. या इंजिनावर टर्बो बांधणं म्हणजे त्या कडेला जपणं.

हे इंजिन आपल्याकडे भरपूर आहे. एमपीएफआय एस्टीम, १.३ ची व्हर्सा, २००५ ते २०१० मधली पेट्रोल स्विफ्ट आणि एमपीएफआय जिप्सी या सगळ्यांत हेच बसलंय. बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी, १२९८ सीसी, एक कॅम, सोळा व्हॉल्व, टायमिंग बेल्ट. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत लोखंडी स्लीव्ह. मूळ ताकद जिप्सीत ८० बीएचपी, स्विफ्टमध्ये ८७ बीएचपी आणि ११३ न्यूटन-मीटर. इंधनाचा हिशोब हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या दाबावरून होतो, हवा मोजणारा वेगळा मीटर नाही. टर्बो लावणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय, कारण पुढे स्वतंत्र ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) लावताना हीच पद्धत चालू राहते.

जिप्सीत आणि व्हर्सात इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, आणि एस्टीम-स्विफ्टमध्ये आडवं बसतं. त्यामुळे संप (इंजिनाखालची तेलाची टाकी), तेल ओढणारी नळी, माउंट असे बाहेरचे भाग एकमेकांना जसेच्या तसे लागत नाहीत. स्विफ्टचं इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून जिप्सीसाठी उचलणार असाल तर जिप्सीचा जुना संप आणि तेल ओढणारी नळी टाकून देऊ नका.

जुना ब्लॉक विकत घेताना

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात इंजिन घेताना 'चालू स्थितीत आहे' या शब्दावर जाऊ नका. हेड काढून दाखवायला सांगा. तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा. हेड निघाल्यावर स्टीलची सरळपट्टी ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागावर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या रेषांत ठेवा आणि खालून ०.०५ मिमीचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकतंय का पाहा. सरकलं तर फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग मशिनवर सपाट करणं, लागणार. गाडी एकदा तरी तापलेली आहे, हेही त्यातून कळतं. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये हेड बोल्टच्या आट्या खेचल्या गेलेल्या असतात. प्रत्येक भोकात बोल्ट हाताने फिरवून बघा. शेवटपर्यंत सैल, गुळगुळीत उतरायला हवा. मध्येच अडकला किंवा खडखडला तर त्या भोकात नवीन आट्यांचं इन्सर्ट घालावं लागेल, ती किंमत सौद्यातून कमी करून घ्या.

सिलिंडरच्या वरच्या टोकाला नखाने चाचपा. पायरी ठळक लागली तर बोअरिंग आलंच. ०.५० मिमी ओव्हरसाइझला बोअर ७४.५ होतो आणि इंजिन १३१६ सीसीचं. तिथेच थांबा. टर्बो इंजिनात स्लीव्हची भिंत जाड राहणं हे सिलिंडरमागे चार-पाच सीसी जास्त मिळण्यापेक्षा कितीतरी मोलाचं. आधीच ०.५० केलेला ब्लॉक असेल आणि पुन्हा झिजला असेल तर तो सोडून द्या.

क्रँकच्या पुढच्या टोकाची चावी आणि तिची खाच नीट पाहा. पुलीचा बोल्ट कधी सैल राहिला असेल तर खाच रुंद झालेली दिसते, आणि मग टायमिंग (व्हॉल्व आणि ठिणगीची वेळ) हलतं. नॉन-टर्बोत थोडं हललेलं टायमिंग खपून जातं. बूस्टखाली दोन डिग्रीचा फरकही पिस्टन घेऊन जातो.

एक कागदाची गोष्ट. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलतो, तो आरटीओत नोंदवावा लागतो. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच बाजू उचलून धरली. रस्त्यावरच्या गाडीत टर्बो बसवला तर विमाही अडचणीत येतो. पुढचं सगळं ट्रॅक, रॅली आणि खासगी जागेतल्या ऑफ-रोड गाड्यांसाठी आहे असंच समजा.

कॉम्प्रेशन: अंदाज नको, मोजा

बहुतेक बांधण्या इथेच बिघडतात. कुणी म्हणतं मूळचं कॉम्प्रेशन (हवा किती पट दाबली जाते ते) नऊ आहे, कुणी साडेनऊ, आणि मग जाड गास्केट घालून 'साडेआठ झालं असेल' म्हणून पुढे जातात. हेड दोनदा फेसिंग झालेलं असेल तर हे सगळे आकडे खोटे. मोजायला एक ब्युरेट, अर्धा फूट ॲक्रिलिकची पट्टी आणि एक दुपार लागते.

हेड उलटं ठेवा, स्पार्क प्लग बसवा, व्हॉल्वच्या सीटवर ग्रीसचं बोट फिरवून व्हॉल्व बसवा. चेंबरच्या कडेला ग्रीस लावून ॲक्रिलिक दाबा. ॲक्रिलिकला एका बाजूला छोटं भोक हवं, आणि ती बाजू किंचित वर. ब्युरेटमधून रंगीत रॉकेल सोडत जा. शेवटचा बुडबुडा भोकातून निघाला की आकडा लिहा. चारही चेंबर मोजा. अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक असेल तर लहान चेंबर हलक्या हाताने घासून बाकीच्यांइतके करा.

मग पिस्टनचा माथा. पिस्टन वरच्या टोकापासून बरोबर १० मिमी खाली न्या, भोवती ग्रीस लावा, ॲक्रिलिक ठेवा आणि भरा. ७४ मिमी बोअरला १० मिमी उंचीत ४३.० सीसी मावायला हवेत. ४६.३ गेले तर पिस्टनला ३.३ सीसीचा खड्डा आहे. ४१ गेले तर २ सीसीचा उंचवटा.

आता बेरीज. एका सिलिंडरचा स्ट्रोकभरचा घनफळ ३२४.७ सीसी. समजा चेंबर ३२.० सीसी, दाबल्यावर १ मिमी राहणारं गास्केट ४.४ सीसी, पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकपेक्षा ०.२ मिमी खाली राहतो त्याचे ०.९ सीसी, आणि पिस्टनचा खड्डा ३.३ सीसी. एकूण ४०.६. म्हणजे कॉम्प्रेशन ९.० ला १. साडेआठला यायचं असेल तर ४३.३ सीसी हवेत, साडेनऊ असेल तर ३८.२ निघतील.

इथे बऱ्याच जणांना सोपा मार्ग दिसतो: गास्केट ०.६ मिमीने जाड करा, २.७ सीसी मिळाले, झालं साडेआठ. कागदावर बरोबर, इंजिनात चूक. पिस्टन वर येताना कडेची हवा दाबून चेंबरच्या मध्याकडे ढकलतो, त्या ढवळण्याने जाळ लवकर पसरतो आणि कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटायच्या आधी जळून जातं. पिस्टन आणि हेडमधली फट ०.८ ते १.० मिमी असते तेव्हा हे नीट घडतं. गास्केटने ती फट दीड-पावणेदोन मिमीवर नेली की ढवळणं संपतं, आणि कॉम्प्रेशन कमी करूनही इंजिन पूर्वीपेक्षा जास्त ठोके (मिश्रण आपोआप पेटल्याचे धक्के) देतं. ते २.७ सीसी पिस्टनच्या खड्ड्यातून घ्या. फोर्ज्ड पिस्टन मागवताना खड्डा ६ सीसी सांगा आणि गास्केट मूळ जाडीचंच ठेवा.

मूळ पिस्टन ठेवणार असाल तर ९.० वर ०.४ ते ०.५ बार नीट चालतो, इंटरकूलर आणि चांगलं पेट्रोल असेल तर. त्यासाठी कॉम्प्रेशन उतरवू नका. जिप्सीसारख्या गाडीत तर अजिबात नको. चढावर १५०० आरपीएमला टर्बो झोपलेला असतो, तिथे चाकं फिरतात ती कॉम्प्रेशनवर.

बोअर, रिंगा, बोल्ट

होनिंग (बोअरची शेवटची घासाई) टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावूनच करून घ्या. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर हेड आवळलं की स्लीव्ह किंचित अंडाकृती होतात. प्लेट न लावता केलेला गोल बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. मशिन शॉपकडे या इंजिनाची प्लेट नसेल तर जाड स्टीलची प्लेट कापून घेणं परवडतं. 'त्याची गरज नाही' म्हणणाऱ्याकडे टर्बोचं काम देऊ नका. मूळ ओतीव पिस्टनांना फट थोडी लागते. २६१८ मिश्रधातूच्या फोर्ज्ड पिस्टनांना ०.०८ ते ०.१० मिमी, ४०३२ ला साधारण ०.०५ ते ०.०६. पण पिस्टनसोबत आलेल्या कागदावरचा आकडा अंतिम. २६१८ चे पिस्टन थंडीत खडखडतात, गरम झाल्यावर शांत होतात. तो दोष नाही.

आता त्या कडेकडे येऊ. मूळ इंजिनात वरच्या रिंगच्या टोकांमधली फट ०.३० मिमीच्या आसपास पुरते. बूस्टखाली रिंग जास्त तापते, फुगते, टोकं एकमेकांना भिडतात. भिडलेली रिंग आणखी फुगायला जागा शोधते आणि सिलिंडरच्या भिंतीवर व पिस्टनच्या कडेवर जोर लावते. त्यात एकदा जोराचा ठोका बसला की कडेचा नखाएवढा तुकडा निघतो. अर्ध्या बारसाठी वरची रिंग बोअरच्या दर मिमीला ०.००५५ मिमी, म्हणजे ०.४१ मिमी ठेवा. दुसरी ०.४५. दुसरीची फट जास्त ठेवायची, कमी नाही. वरच्या रिंगेतून निसटलेला वायू मधे अडकला की वरची रिंग उचलली जाते.

फट करताना रिंग बोअरमध्ये पिस्टनच्या माथ्याने २५ मिमी खाली ढकलायची, म्हणजे ती सरळ बसते. फीलर गेज हलक्या अडथळ्याने सरकायला हवं. घासायची ती एकाच टोकाला, बाहेरून आतल्या दिशेने, म्हणजे बाहेरच्या कडेला बुरा राहत नाही. दर दोन फेऱ्यांनी मोजा. ०.०५ मिमी जास्त झालं तर काही बिघडत नाही, कमी राहिलं तर बिघडतं. प्रत्येक रिंग त्याच सिलिंडरसाठी घासलेली असते, चिठ्ठी लावून ठेवा.

कॉनरॉड अर्ध्या बारपर्यंत मूळचेच ठेवतो, पण रॉडचे बोल्ट नवीन. बोल्ट बदलले की मोठ्या टोकाचं भोक पुन्हा गोल करून घ्यावं लागतं, हे मशिन शॉपला वेगळं सांगा. नाहीतर बेअरिंग बसतं पण फट एका जागी कमी, एका जागी जास्त. बेअरिंगची फट प्लॅस्टिगेजने (दाबली की फट दाखवणारी प्लॅस्टिकची तार) क्रँकच्या प्रत्येक जर्नलवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गोल भागावर, तपासा. ठोकताळा असा की जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी, आणि टर्बोसाठी त्याहून किंचित जास्त. ०.७ बार आणि पुढे जाणार असाल तर रॉड आणि पिस्टन दोन्ही फोर्ज्ड घ्या. अर्धवट नको.

हेडसाठी स्टड वापरायचे तर ब्लॉकमध्ये ते फक्त बोटांनी घट्ट करायचे, पान्याने नाही. भोकाच्या तळाशी तेल किंवा पाणी राहिलं आणि वरून स्टड आवळला तर ते दाबलं जाऊन ॲल्युमिनियमला तडा जातो. कॉम्प्रेसरची हवा मारून, कापसाच्या काडीने तळ कोरडा करूनच पुढे जा. बहुपदरी स्टीलचं गास्केट घालणार असाल तर फेसिंग आरशासारखं गुळगुळीत हवं. साध्या फेसिंगवर ते पाणी सोडतं, आणि दोष गास्केटला दिला जातो.

टर्बो कोणता

हिशोब लहान आहे. १२९८ सीसी, ६००० आरपीएम, ८५ टक्के भराव, ०.५ बार बूस्ट आणि मॅनिफोल्डमध्ये ५० अंश हवा धरली तर इंजिन मिनिटाला ५.४ किलोच्या आसपास हवा ओढतं. त्यातून ११५ ते १२० बीएचपी निघतात. ०.७ बारला सहा किलो आणि साधारण १३० बीएचपी. गॅरेटचा जीटी१५४४ या मापाला बसतो. जिप्सीत खालून ओढ हवी असेल तर त्याहून लहान जीटी१२४१ चालेल, पण वरच्या टोकाला त्याचा श्वास कोंडतो.

१.३ मल्टिजेट डिझेल स्विफ्टचा केपी३५ टर्बो भंगारात सहज मिळतो आणि मोह होतो. घेऊ नका. डिझेलच्या धुरापेक्षा पेट्रोलचा धूर भरधाव ओढीत शंभर-दीडशे अंशांनी जास्त तापतो. टर्बाइनची धातू आणि आवरण त्यासाठी निवडलेलं नसतं. शिवाय ते टर्बाइन ४००० आरपीएमच्या इंजिनासाठी आहे. ६००० ला मागे दाब साचतो, जळलेला वायू सिलिंडरमध्ये राहतो आणि त्याच गरमीने ठोके सुरू होतात. पाती हलणारा, म्हणजे व्हीजीटी, तर मुळीच नको. पेट्रोलच्या उष्णतेत पाती अडकतात.

धूर बाहेर नेणारं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड भोसरी-चाकणकडचे फॅब्रिकेशनवाले उत्तम बनवतात, पण त्यांना काय हवं ते नेमकं सांगावं लागतं. हेडकडची फ्लँज १२ मिमी, पाइप तीन मिमीपेक्षा पातळ नको, वेल्डिंगनंतर फ्लँज पुन्हा सपाट करून घ्या. टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर लटकू देऊ नका, ब्लॉकवरून एक आधार द्या. आडव्या इंजिनाच्या गाडीत डाउनपाइपमध्ये (टर्बोतून खाली जाणारा धुराचा पाइप) बेलोज, म्हणजे लवचीक जोड, हवाच. इंजिन दर गिअरला पुढे-मागे डोलतं आणि पाइप जागेवर धरून ठेवला तर तडा मॅनिफोल्डला जातो, मग लोक स्टेनलेसला नावं ठेवतात.

तेल

टर्बोला तेल प्रेशर स्विचच्या जागेवर टी लावून घेता येतं. जर्नल बेअरिंगच्या टर्बोला अडसर लागत नाही, बॉल बेअरिंगला साधारण १ मिमीचा लागतो. जास्त भानगड परतीच्या नळीत असते. ती आतून १६ ते १९ मिमी, सतत उताराची, कुठेही पोट न सोडणारी, आणि संपमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. तेल टर्बोतून फेसाळलेलं, नुसत्या उतारावर पडतं, मागे पंप नसतो. नळी पातळ किंवा वाकडी असेल तर तेल साचून सीलमधून बाहेर येतं, निळा धूर दिसतो, आणि नवा टर्बो 'खराब निघाला' म्हणून परत जातो.

जिप्सीत यात आणखी एक गोष्ट. उभ्या चढावर गाडी तीस अंश कलली की सपाटीवर दिसणारा उतार नाहीसा होतो. परतीची नळी लावताना गाडी पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी कलल्यावर ती कुठे जाईल हे मनात धरून उतार ठेवा. पाण्यातून गाडी न्यायची सवय असेल तर टर्बो शक्य तितका वर बसवा. लालबुंद आवरणावर थंड पाणी आलं की तडा ठरलेला.

क्रँककेसचा श्वास हवेच्या मॅनिफोल्डला जोडलेला असतो. तिथे एकाच दिशेने जाऊ देणारा झडपेचा वाल्व लावा, नाहीतर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये जाऊन डिपस्टिक उडवतो.

पेट्रोल, ठिणगी आणि ईसीयू

मूळ ईसीयू आणि मूळ मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजतात. त्यापुढे त्यांना आंधळेपणा येतो. प्रेशर वाढला की जास्त पेट्रोल सोडणारं यांत्रिक रेग्युलेटर लावून काम भागवणं हा जुना उपाय, आणि तो फक्त पेट्रोल वाढवतो, टायमिंग मागे घेत नाही. त्या वाटेला जाऊ नका. स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्टसारखा स्वतंत्र ईसीयू आणि २.५ किंवा ३ बारचा मॅप सेन्सर एवढं किमान.

इंजेक्टरचा हिशोब: टर्बो पेट्रोल इंजिनाला भर बूस्टमध्ये दर बीएचपीला तासाला ०.२७२ किलो पेट्रोल धरा. १२० बीएचपीला ३२.६ किलो, एका सिलिंडरला ८.२, म्हणजे मिनिटाला १८३ सीसी. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा नको, म्हणून २२८. पेट्रोल पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याला सुमारे आठ टक्के जास्त लागतं, म्हणून २४६. तीनशेचे घ्या. गाडीतल्या इंधन पंपाचं मात्र उलट आहे. गरज तासाला पन्नास लिटरच्या आतली. चार बार दाबावर शंभर लिटर देणारा पंप पुरतो. ताशी २५५ लिटरचा मोठा पंप सगळे घेतात, तो टाकीतलं पेट्रोल फिरवून फिरवून तापवतो आणि मूळ रेग्युलेटरला दाब आवरत नाही. जुन्या गाडीतल्या पेट्रोलच्या रबरी नळ्या ई२० साठी बनलेल्या नाहीत, त्या बदलाच.

ई२० चा एक फायदा आहे. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे आणि तो हवेला गारही करतो. पण मीटर वाचताना फसू नका. साध्या पेट्रोलचं हवा-पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७ इथे साधारण १३.५ होतं. म्हणून हवा-पेट्रोलच्या आकड्याऐवजी लॅम्डा (प्रत्यक्ष प्रमाण भागिले आदर्श प्रमाण) बघा. भर बूस्टला ०.७८ ते ०.८२.

टायमिंगचा सुरुवातीचा नकाशा (ईसीयूत भरायचा आकड्यांचा तक्ता) सोपा ठेवा. बूस्टशिवाय भर थ्रॉटलला ३० डिग्री असेल तर ०.५ बारला २२. दर ०.०६ बारला एक डिग्री मागे. प्लग एक नंबर थंड, एनजीकेत सहाऐवजी सात, आणि फट १.१ ऐवजी ०.७ मिमी. मोठ्या फटीत दाट हवेतून ठिणगी ओलांडत नाही, गाडी बूस्टमध्ये अडखळते, आणि लोक पेट्रोल वाढवत बसतात.

ठोके कानांनी ऐका. तांब्याची नळी घ्या, एक टोक चपटं करून त्यात भोक पाडा आणि ब्लॉकवरच्या एखाद्या बोल्टखाली दाबा. दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती केबिनमध्ये आणा आणि कारखान्यात वापरतात त्या कानझाकण्याच्या एका पाकळीत घाला. व्हॉल्वची टिकटिक, इंजेक्टरचा आवाज सगळं स्पष्ट येतं. ठोका आला की काचेवर खडा मारल्यासारखा वेगळाच टोकदार आवाज. दुसऱ्याने गाडी चालवायची, ऐकणाऱ्याने फक्त ऐकायचं.

इंटरकूलर ऐच्छिक मानू नका. बाहेर ४० अंश असताना, कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला तरी ०.५ बारला हवा ९५ अंशांवर बाहेर पडते. बरा इंटरकूलर ती ५६-५७ वर आणतो. विदर्भातल्या मे महिन्यात हा फरक पिस्टन वाचवतो. जिप्सी दगडांतून ताशी पाच किलोमीटरने चढते तेव्हा इंटरकूलरवर वारा नसतोच, तिथे त्याला स्वतःचा पंखा हवा.

पुण्यात ट्यून करून मुंबईला जाणाऱ्यांसाठी: वेस्टगेटची (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) स्प्रिंग बाहेरच्या दाबाच्या वर अर्धा बार देते. पुण्याच्या उंचीवर बाहेरचा दाब साधारण ०.९५ बार, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये १.४५. खोपोली उतरून समुद्रसपाटीला आलात की १.५१. नकाशातली ही ओळ पुण्यात कधी चाचणीत आलेलीच नसते. वरच्या दोन ओळी आधीच जास्त पेट्रोल आणि दोन डिग्री कमी टायमिंग देऊन भरून ठेवा. १.६५ बारला पूर्ण इंधन बंद होईल असा कट लावा. चारही सिलिंडर एकदम बंद, एकही अर्धवट नाही. छोटं वेस्टगेट आणि मोकळा सायलेन्सर असेल तर वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढत जातो, आणि हा कट तिथे कामाला येतो.

पहिली सुरुवात

प्लग आणि इंजेक्टरची वायर काढा, टर्बोच्या तोंडात वरून चमचाभर तेल घाला, आणि प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर फिरवा. दहा-दहा सेकंद, मधे थांबत. मगच पेट्रोल द्या. पहिलं तेल साधं खनिज, सिंथेटिक नाही. रिंगा बसायच्या असतील तर इंजिन उभं तापवत ठेवू नका. पहिल्याच दिवशी, बूस्टशिवाय, मध्यम ओढ देऊन सोडा, पुन्हा ओढ द्या. तेल आणि फिल्टर ५० किलोमीटरला, पुन्हा ५०० ला. फिल्टर कापून उघडा. बारीक करडी पूड चालते, चमकणारे कण किंवा चकत्या दिसल्या तर बूस्ट सुरू करू नका.

क्लच मूळचा राहणार नाही, हे आधीच खर्चात धरा. ओढ ११३ वरून दीडशेवर जाते आणि मूळ प्लेट तिसऱ्या गिअरला सुटते. पैसे मर्यादित असतील तर आधी मशिनिंग, मग ईसीयू आणि वाइडबँड (लॅम्डा मोजणारा मीटर), मग क्लच, आणि उरलेल्यातून टर्बो. भारी टर्बो आणि कामचलाऊ ट्यूनिंग अशी गाडी एक उन्हाळाही काढत नाही.

हजार किलोमीटरला गाडी थंड असताना मॅनिफोल्डचे नट पुन्हा तपासा, एक-दोन सैल निघतातच. चारही प्लग काढून भिंगाखाली चिनी मातीचा पांढरा भाग पाहा. त्यावर मिरपुडीसारखे काळे किंवा चंदेरी ठिपके असतील तर ठोके बसताहेत, कानाला ऐकू आले नसले तरी. चंदेरी ठिपका म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. त्या सिलिंडरचं टायमिंग दोन डिग्री मागे घ्या, कॉम्प्रेशन मोजा, आणि चारही आकड्यांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत आहे हे पाहिल्याशिवाय पुन्हा बूस्टमध्ये नेऊ नका.